नानासाहेबांनी खोललेला हब

"ब्रेक लागून नाही राह्यला! उडी मार बे!" राजूर घाटाच्या उतारावर हेडक्लार्क नानासाहेब बोंबलत होते आणि मी मागे कॅरिअरवर होतो.

आजही ग्रीसचा वास आला की तो उतार आठवतो. त्यांची विलायती सायकल उलटं पॅडल मारलं की थांबायची. ज्या गृहस्थाला छत्रीची काडी बसवता येत नव्हती, त्यानं मागच्या चाकाचा हब, ज्याच्या पोटात तो ब्रेक असतो, घरी खोलून, रॉकेलनं धुऊन परत बसवला होता. "मिस्त्रीले काय समजते?" म्हणे! आता उलटं पॅडल नुसतं रहाटासारखं फिरत होतं. आमची आरोळी ऐकून घाटाखालच्या मोताळ्याच्या कोंबड्या बाजार सोडून पळाल्या. शेवटी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतानं आम्हाला झेललं.

बाजारातल्या सायकल मिस्त्रीनं हब उघडला. "साहेब, ब्रेकची पितळी बांगडी कुठी हाय?"

नानासाहेब धोतरावरची माती झटकत म्हणाले, "ते जास्तीची होती."