पर्समधली ऑइलची बाटली

माझी एक सवत होती, आणि ती अंगणात स्टँडवर उभी असायची. काळी, टू-स्ट्रोक मोटारसायकल, आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत. कॉलेजात असताना ह्यांनी तिच्यावर शर्यती मारल्या होत्या. लग्नानंतर दर रविवारी तिच्याच मागच्या सीटवर बसून मी वैरागला माहेरी गेले, ती तीस वर्षं.

मग ह्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालायला लागले, जिना चढायला लागले. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण किक मारायची नाही. आणि ह्या गाडीची किक नेमकी डाव्या बाजूला! चार महिने माणूस गाडीसमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसला. भाजी आणायला चला म्हटलं तरी नको. हे असेच खुर्चीत म्हातारे होणार, ह्याची मला लई भीती वाटायला लागली.

तेवढ्यात त्याच नावाची नवी गाडी बाजारात आली. बटण दाबलं की सुरू. शोरूमवाला जुनी घेऊन नवी द्यायला तयार होता. मी हट्टच धरला.

"अहो, द्या की ते भंगार! पोरगी सासरी निघाल्यासारखं तोंड काय करताय?"

"भंगार म्हणू नको," एवढंच म्हणाले. पण ट्रायलला आले.

नवी गाडी गुणाची होती, खोटं कशाला बोलू? धूर नाही, हादरे नाहीत. विजापूर रोडनं लांब चक्कर मारली. ह्यांची पाठ कितीतरी दिवसांनी ताठ दिसली, आणि मी मनात म्हटलं, झालं काम. परतताना पेट्रोलचा काटा खाली आलेला.

"दुसऱ्याची गाडी रिकामी कशाला द्यायची?" म्हणत ह्यांनी ती पंपावर वळवली.

मी उतरले. ह्यांनी टाकीचं झाकण उघडून न बघताच मागं हात केला. मी पर्समधून बाटली काढून हातात दिली. ह्यांनी टोपणानं मापून ऑइल ओतलं, वरून पेट्रोल घेतलं. मग ह्यांनी हँडल आणि मी मागची सीट धरून गाडी चांगली डावी-उजवी डुलवली, ऑइल मिसळावं म्हणून.

पंपावरची बाई बघतच राहिली. "ओ मावशी, ह्या गाडीला पेट्रोलमदी ऑइल चालत न्हाय की! ते जुन्या गाड्यांना लागायचं!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि जे हसत सुटलो! हे तर पोट धरून खालीच बसायचे बाकी होते. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले. मीही हसत होते, पण माझी मलाच लाज वाटली. भंगार भंगार म्हणून बोंबलणारी मी, आणि जुनी गाडी जागची हलत नसताना तिच्या ऑइलची बाटली रोज माझ्याच पर्समध्ये.

शोरूमचा माणूस बोलावला, हात जोडले, टाकी साफ करायचा खर्च दिला. "मग काका, जुनी कधी आणताय?" त्यानं विचारलं. हे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही आणत," मी म्हटलं.

घरी आल्यावर सरळ गाडीपाशी गेले आणि साडी वर खोचली. "किकनंच अडलंय न्हवं? मी मारते."

"अगं, उलटा झटका देते ती. पाय मोडून घेशील."

"मोडला तर दोन खुर्च्या टाकू!"

पहिली वाया. दुसरी, तिसरी. घामानं निथळले. हे खुर्चीकडे न जाता जवळ आले आणि शिकवायला लागले, "चोक ओढ. आधी हलकं दाब, मग सगळं वजन टाक." आठव्या किकला फट्कन पेटली आणि अंगणभर निळा धूर झाला. समोरच्या वहिनी धावत खिडकीत आल्या.

हे गाडीवर बसले. "बस."

"कुटं?"

"वैरागला."

"अहो, आज बुधवार हाय!"

"असू दे की. चार महिन्यांचे रविवार राहिलेत."

मी पर्स काखेला मारली आणि बसले.