भरल्या गाडीचं माप

आमच्या गाडीची चाकं वरच्या पत्र्याच्या, म्हणजे फेंडरच्या बाहेर इतकी आली होती की सेक्टर सहामधल्या गाई त्यांना आपली वासरं समजून चाटायच्या. त्या साक्षीदार गाई आता हयात नाहीत, म्हणून मी हे निर्धास्त सांगतो.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. मी प्लांटच्या मशीन शॉपमध्ये चार्जमन होतो. दुर्गला पद्मनाभपुरातल्या एका निवृत्त वकिलांची जुनी गाडी मी घेतली, तेव्हा तिची चाकं गंजून चाळण झाली होती. मग कबाड्याकडून एका मोठ्या गाडीची चार रुंद चाकं आणली. नटांची भोकं जुळली. तेवढ्यावर मी सोयरीक पक्की केली, बाकीची पत्रिका बघितलीच नाही.

गाडी आईसाठी घेतली होती. तिचे गुडघे गेलेले, बसची पायरी चढवत नव्हती. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, राजनांदगावला एकटी राहायची आणि तिला डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळायचा. तीन वर्षं दोघी बहिणींची भेट नव्हती. "मी तुले घरच्या गाडीनं नेतो," असं मी आईला बोलून बसलो, आणि आईनं ते आमच्या अख्ख्या ब्लॉकला सांगून टाकलं. आता माघार घ्यायची तर क्वार्टर बदलावं लागलं असतं.

चाक बाहेर का येतं, ते सोपं आहे. चाकाच्या मधोमध एक तबकडी असते, ती गाडीच्या आसाच्या टोकाला, म्हणजे हबला नटांनी आवळतात. ही तबकडी रिमच्या मध्यरेषेपासून किती सरकलेली आहे, त्याला ऑफसेट म्हणतात. ती बाहेरच्या अंगाला सरकवली की चाक गाडीच्या पोटात जातं. फार सरकवली की आत स्प्रिंगच्या, म्हणजे कमानीच्या पट्ट्यांना घासतं. म्हणजे चाकानं फेंडर आणि कमान यांच्या मधल्या बोळातून अंग चोरून चालायचं.

सुपेल्यातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मी चारही चाकांचे जोड कापले, तबकड्या सरकवल्या, पुन्हा वेल्डिंग केलं. व्हर्नियर लावून मिलिमीटरच्या बारक्या भागापर्यंत मोजलं. टायर आणि फेंडर यांच्यात बरोबर एक बोट फट. माझ्या मते त्या मापाला दिल्लीहून कोणीतरी बघायला यायला हवं होतं.

रविवारी सकाळी आई नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली. शेजारी बायको, दोन पोरं, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. मी पहिल्या वळणाला स्टिअरिंग फिरवलं आणि मागून अशी किंचाळी आली की तीन गल्ल्यांतली माणसं बाहेर आली. फेंडरची कड टायरवर बसली होती. जळक्या रबराचा धूर निघाला.

आई खाली उतरली. तिनं गाडीकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं.

"माह्या वजनानं झालं ना रे?"

"नाई गं आई, चाकाचंच..."

"मले समजते. राहू दे. आता नाई बसत मी कोणाच्या गाडीत."

ती पाय ओढत घरात गेली. डबा बायकोच्या हातात राहिला. "अहो, त्या रडून राहिल्या," बायको हळूच म्हणाली.

मी हातोडा काढला आणि फेंडरची कड ठोकायला लागलो. समोरच्या क्वार्टरमध्ये भंडाऱ्याकडचे एक काका राहायचे. प्लांटमध्ये क्रेनच्या देखभालीचे फोरमन. त्यांची सही झाल्याशिवाय एक हूक हलायचा नाही. लुंगी खोचत ते आले.

"पत्र्याले कावून मारून राहिला बे?"

"घासून राहिलं न काका."

"माप कधी घेतलं?"

"काल. व्हर्नियरनं."

"गाडीत कोण होतं?"

"कोणीच नाई."

काका इतके हसले की लुंगी सावरावी लागली. "अबे, रिकामी क्रेन कधी पास करतात काय? सव्वापट वजन टांगून बघतो आमी. अन् तू बाप्पा, रिकाम्या गाडीचं माप घेऊन मायले दोष लावला!"

"मी नाई लावला. तिनंच..."

"तू बोलला नाई, तुह्या गाडीनं बोलून टाकलं. आता तिच्या डोळ्यांदेखत पास करून दाखव."

मी हातोडा टाकला. त्या घटकेला ठरवलं, की आई याच गाडीत बसेल आणि स्वतःच्या पायानं बसेल.

पुढचा आठवडा मी ड्यूटी सुटली की सुपेल्यात. या वेळी आधी शेजारचे चार धिप्पाड गडी गाडीत कोंबले आणि मग माप घेतलं. गाडी तीन बोटं खाली बसली. चाक आणखी बारा मिलिमीटर आत घ्यायचं होतं. कमानीपर्यंत जागा होती अठराची. जुने जोड पुन्हा कापले, तबकड्या नव्या जागी बसवल्या. काकांनी प्रत्येक जोडाला एका बाजूनं घासलेट लावलं, दुसऱ्या बाजूनं खडू. भेग असेल तर घासलेट झिरपून खडूवर डाग उमटतो. एका चाकावर उमटला. "माह्या घरच्यांच्या गाडीले हे चाक म्या लावू देलं नसतं," काका म्हणाले. ते मी मुळापासून पुन्हा केलं.

पुढच्या रविवारी काका वजनं मांडायला बसले. रेशन दुकानाच्या काट्यावर गडी एकेक करून चढवले.

"आईलेही मोजू काय?" मी विचारलं.

"तोंड सांभाळ. तिचं अंदाजे धर, वरून एक गडी जास्त बसव."

अशी पाच माणसं गाडीत बसली. एकाची मान खिडकीबाहेर. गाडी म्हशीसारखी बसली. काकांनी आईची खुर्ची ओसरीत मांडायला लावली. आई भिंतीकडे तोंड करून बसली, पण मान तिरकी होती.

मी सेक्टरची सगळी वाकडी वळणं घेतली, शाळेसमोरचा उंचवटा तीनदा उडवला. आतले पाच जण इतके ओरडले की फेंडर घासला असता तरी ऐकू आलं नसतं. परत आल्यावर काका गाडीशेजारी आडवे झाले, मागच्या दोन्ही चाकांमागे हात घातला, टायर चाचपले, कमान चाचपली.

"पास!"

आई उठून आली. पाचही जण घाम पुसत उतरत होते. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे पाचही जण होते काय आत?"

"हो आई."

"बाप्पा!" तिनं बोटानं पाचही डोकी मोजली. मग बायकोला म्हणाली, "डबा आन गं."

राजनांदगावला पोचेपर्यंत मी प्रत्येक खड्ड्यात श्वास धरला. गाडी शब्दानं बोलली नाही. मावशीनं दारात आईचा चेहरा हातांनी चाचपला आणि दोघी खाटेवर बसल्या त्या संध्याकाळपर्यंत.

निघायच्या वेळी मी गाडीचं दार उघडलं, तर आई मावशीचा हात धरून उभी. मावशीच्या काखेत गाठोडं.

"हे काय?"

"हिले घेऊन चाललो आपण," आई म्हणाली. "सरका तिकडं पोरांनो. जागा बी हाय अन् वजनाची ताकद बी हाय. मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं."