शुक्रवारचा ट्रे

सिंगापूरला आल्यावर पहिली काही वर्षं बायको माझ्याशी रोज भांडायची. त्यानंतर ती भांडायची थांबली. लोकांना वाटतं, आमचं छान जमलंय. ती का थांबली हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही, आणि तिला स्वतःलाही ते अर्धंच माहीत आहे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी एकेकानं पाळीपाळीनं टीमसाठी नाश्ता आणायचा, अशी पद्धत होती. बहुतेक जण जवळच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या बाजारातून, काहीतरी पिशवीत भरून आणत. आमचा ऑस्ट्रेलियन मॅनेजर मात्र घरी मफिन भाजून आणायचा आणि 'हे मी केलेत' म्हणून सगळ्यांना बजावून सांगायचा. माझी पहिली पाळी आली तेव्हा बायकोनं एक ट्रे करून दिला. शिळ्या पावाचे तुकडे, त्यावर फेटलेली अंडी आणि दूध, कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, चीज आणि किंचित गोडा मसाला. मी तो टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, नेला. मॅनेजरनं दोनदा घेतलं.

"ब्रेकफास्ट कॅसरोल! तू केलास?"

मी म्हणालो, "हो."

ठरवून गेलो नव्हतो. टीम लीडची जागा रिकामी होती, मॅनेजरला स्वयंपाक करणारे पुरुष आवडतात हे दिसत होतं, आणि 'हो' तोंडातून निघून गेलं. शेजारच्या टेबलावर एक चिनी बाई बसायच्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, कामात वाघ. त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "मग बायको काय करते?" मी म्हणालो, "तिला स्वयंपाकाची आवड नाही." हे मात्र विचार करून बोललो.

त्यानंतर माझ्या पाळीला ट्रेच हवा असायचा. बायको पहाटे पाचला उठायची. संध्याकाळी घरी आलो की दारातच विचारायची, "काय म्हणाले?"

"चांगलं म्हणाले."

"चांगलं म्हणजे? तिखट झालं होतं का? संपलं का सगळं?"

"चांगलं म्हणजे चांगलं. ट्रे रिकामा दिसतोय ना?"

पुण्यात ती शाळेत शिकवायची. इथे ती माझ्या जिवावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या डिपेन्डन्ट पासवर होती. किती शाळांना, किती ट्यूशन सेंटरना अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. बुकित बातोकच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमधून तिच्या हातचं बाहेर जाणारं एवढंच होतं, तो ट्रे. आणि तोही माझ्या नावावर जात होता.

एका शुक्रवारी ऑफिसातल्या त्या शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, की त्यांच्या बहिणीचं सेरंगूनला छोटंसं कॅफे आहे, सकाळच्या नाश्त्याला असं काहीतरी करणारं माणूस ती शोधते आहे. तुझ्या ओळखीत आहे का कुणी? भारतीय बायका असतात की घरी, परवानगीचा अर्ज बहीण करेल. मी हसलो. म्हणालो, माझ्या ओळखीतल्या सगळ्या बायका बिझी आहेत.

दोन-तीन महिने गेले. एका रविवारी एमआरटीजवळच्या मॉलमध्ये त्याच बाई समोर उभ्या. मी ओळख करून दिली, तोच त्यांनी बायकोचा हात धरला. "यू सो लकी, लाह! नवरा एवढं छान करतो. माझी बहीण अजून माणूस शोधतेय, मी याला विचारलं तर हा नुसता हसला. तुला स्वयंपाक आवडत नाही ना, हा म्हणाला होता."

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो. त्यालाच आवड आहे."

फ्लॅटचं दार लागलं आणि ती म्हणाली, "मला आवड नाही?"

"अगं, बोलता बोलता..."

"बोलता बोलता तू माझी नोकरी घालवलीस. मी तिथे तोंड उघडलं असतं तर तुझी काय शोभा झाली असती? नाही उघडलं. आता या शुक्रवारी तुझी पाळी आहे, तेव्हा तू उघड. कॅफेतली जागा अजून रिकामी आहे, ती स्वतः म्हणाली."

"सांगतो."

"नुसतं सांगू नकोस. या वेळचा ट्रे तूच कर. आधी तुझ्या हातचं खाऊ दे त्यांना, मग सांग आतापर्यंतचं कुणाचं होतं. म्हणजे कुणाला शंका राहायची नाही."

शुक्रवारी पहाटे ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसली.

"मीठ किती?"

"तुम्हीच करता ना, शेफसाहेब? आठवा."

"पाव असाच टाकायचा?"

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाव आदल्या संध्याकाळी दुधात भिजवून ठेवायचा असतो, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. अंड्याचं कवच भांड्यात पडलं, मी बोटानं शोधत राहिलो. ती बघत होती. टेबलावरच्या त्या छोट्या ओव्हनमध्ये वरचं चीज काळं झालं आणि खाली दूध तसंच डुचमळत राहिलं. मला तिचा इतका राग आला, की ट्रे तिच्या पायाशी आपटावासा वाटला. तिनं तो शांतपणे टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला. "ने. आणि बोल."

ऑफिसात सगळे जमले. मॅनेजरनं एक घास घेतला आणि पाणी मागितलं. बाकीचे आपापल्या प्लेटमधलं चमच्यानं इकडेतिकडे सारत बसले. मी घसा साफ केला. खरंच बोलणार होतो, वाक्य तयार होतं. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी चमचा खाली ठेवला आणि हसून म्हणाल्या, "टुडे वाईफ कुक, इज इट?"

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. मॅनेजरनं माझ्या खांद्यावर थाप मारली.

मी म्हणालो, "हो. आज तिनं केला."

बाईंनी मान हलवली. "बरं झालं बहिणीला सांगितलं नाही. रविवारी मॉलमध्ये मला वाटलं होतं, आवड नसली तरी हिलाच विचारावं."

उरलेला ट्रे मी पॅन्ट्रीच्या कचऱ्यात खरवडला आणि धुऊन घरी नेला. बायको दारातच होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"जागा भरली. कालच भरली म्हणे."

तिनं माझ्या हातातला ट्रे घेतला. "म्हणजे रविवारीच फोन करून सांगितलं असतंस तर मिळाली असती."

मी पटकन म्हणालो, "हो. चुकलं माझं. उशीर केला." हा आरोप तिनं स्वतःच माझ्या हातात दिला होता आणि तो मला परवडण्यासारखा होता. मी त्यासाठी दोनदा माफीसुद्धा मागितली.

त्या दिवसापासून ती भांडली नाही. माझ्या पाळीला मी हॉकर सेंटरमधून पिशवी न्यायला लागलो. टीम लीडची जागा मला मिळाली. पुढे आम्ही इथलेच झालो, घर घेतलं. आजही पाहुण्यांसमोर विषय निघाला की ती थंडपणे सांगते, "मला एकदा कॅफेत काम मिळत होतं. यानं पाच दिवस उशीर केला." पाहुणे माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालतो, आणि तिला वाटतं, तेवढ्याचीच मला लाज वाटते आहे.