स्पीकर उचलून आणण्याचं विज्ञान

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. हे सांगायला नको होतं, पण पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं.

पारनेर तालुक्यातल्या एका गावात माझ्या मेहुण्याच्या मुलीची हळद होती. मामेबहिणीच्या हळदीला गाणी मीच वाजवणार, असा माझ्या लेकीनं हट्ट धरला होता. वर्षभर ती घरी डीजे कंट्रोलरवर सराव करत होती. मेहुण्याला ते पसंत नव्हतं.

"पोरीबाळीचं काम न्हाई ते, दाजी," तो म्हणाला. "पन लाडाची भाची हाय, म्हनून तासभर देतो. मेळ बसला न्हाई, तर आपला डीजेवाला सुप्यात टेम्पो भरून बसलेलाच हाय."

मेहुण्याची संगीताची समज एवढीच, की शेजारच्याच्या खिडकीची काच हलली पाहिजे.

पहिलं गाणं नीट वाजलं. दुसरं जोडताना घोळ झाला. पुढचं गाणं ती आधी हेडफोनमध्ये ऐकते, त्याचा ठेका स्पीकरवर चाललेल्या गाण्याशी जुळवते आणि मग सोडते. पण स्पीकरचा आवाज कानातल्यापेक्षा किंचित उशिरा येत होता. त्याच्याशी जुळवायला गेलं की दोन गाणी एकमेकांवर अशी आदळायची, की आमच्या शाळेच्या लेझीम पथकातली मागची रांग परवडली.

लगेच मांडवभर तज्ज्ञ उगवले. एकानं बेस वाढवायला सांगितला. एकानं लॅपटॉपवर फुंकर मारली. नवरीच्या चुलत्यानं हळदीच्या बोटानं एक बटण दाबूनही पाहिलं. मेहुण्यानं खिशातून मोबाईल काढला.

तेव्हा या सगळ्यांहून मोठा तज्ज्ञ पुढं झाला, म्हणजे मी.

"आवाजाला हवेतून यायला वेळ लागतो," मी वर्गातल्या आवाजात म्हणालो. "स्पीकर लांब आहेत. जवळ आणा."

चौघांनी ते धूड उचलून तिच्या टेबलाला खेटून ठेवलं. एकाची कंबर धरली. मुळात अंतर होतं दहा पावलांचं. तेवढ्याला आवाजाला लागणारा वेळ माणसाला जाणवतही नाही. ही गणितं मी इतकी वर्षं पोरांकडून छडी आपटून सोडवून घेतली. स्वतः मात्र एक भागाकार केला नाही.

लेकीनं पुन्हा वाजवून पाहिलं. "पप्पा, अंतर कमी झालं. उशीर तेवढाच आहे."

"असं कसं?"

"म्हणजे दोष हवेचा नाही." ती टेबलामागं वाकली. "इथली वायर कुणी काढली?"

मी काढली होती, सकाळी, ती आवरत असताना. मांडवात लोंबणारी वायर बरी दिसत नाही म्हणून तिच्या जागी ऑनलाइन मागवलेलं, अंगठ्याएवढं ब्लूटूथ खोचलं होतं. तिला सांगितलंही नव्हतं.

"हेडफोनला आवाज थेट जातोय," ती शांतपणे म्हणाली, "आणि स्पीकरला ह्यातून फिरून. उशीर होणारच ना. वायर कुठंय?"

"गाडीत."

"आणा."

वर्गात मी असा एक शब्द बोललो की पोरं पळतात. मीही पळालो.

वायर जोडली आणि गाणी अशी सांधली गेली, की एक कधी संपलं ते कळलं नाही. नवरीच्या मैत्रिणी उठल्या, मग मावश्या उठल्या. मेहुण्यानं मोबाईल खिशात टाकला आणि माइक घेतला. आमच्याकडं सत्काराशिवाय कुणाचं काही पार पडत नाही.

"स्पीकर जवळ आनले म्हनून मेळ बसला," त्यानं गाणं थांबवायला लावून जाहीर केलं. "आमच्या दाजींचं डोकं लई चालतं."

मला टोपी घातली, टॉवेल दिला, नारळ दिला. लेक हेडफोन मानेवर ठेवून बघत होती. हे माझं काम नव्हे, तिचं आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "आवाज हा तरंगांच्या रूपानं प्रवास करतो."

तिसऱ्या वाक्याला तिनं गाणं सोडलं. माझ्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. नारळ सांभाळत मी बाजूला झालो, तर सगळ्यांच्या पुढं मेहुणा नाचत होता.