खड्डा बुजवणारी शेळी

ती घटना आठवली की आजही सगळ्यात आधी कोंडवाड्यात ओरडणाऱ्या शेळ्या आठवतात.

तेव्हा शहराला लागून असलेलं वडगाव माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होतं. शहर राहण्याजोगं व्हावं म्हणून पदरमोड करून झटणाऱ्या एका संस्थेनं विणकरांच्या गल्लीच्या कडेच्या मोकळ्या पट्टीत रोपं लावली. आठवड्यात ती गायब. संस्थेचे अध्यक्ष, एक निवृत्त प्राध्यापक, तावातावानं ठाण्यात आले. खबरही मिळाली की गल्लीतल्या शेळीवाल्याची जनावरं तिथं हिंडत होती. शेळ्या कोंडवाड्यात गेल्या. गुन्हा नोंदवला असता तर त्या लवकर सुटणार नव्हत्या, आणि त्याचं घर त्यांच्याच दुधावर चालायचं.

मी त्याला समोर बसवलं. "खरं सांग. रोपं खाल्ली का न्हाय?"

"खाल्ली आसतील साहेब. शेळीच ती. पण शेळी खड्डा बुजवती व्हय?"

जागेवर गेलो. खरंच, खड्डे भरून, चोपून सपाट केलेले. रोपांभोवती लावलेल्या लोखंडी जाळ्या भिंतीला नीट टेकवलेल्या. चोर आधी जाळ्या उचलतो, रोपाकडे ढुंकून बघत नाही. इथं कुणाला तरी फक्त सपाट जागा हवी होती. ती कुणाला लागते, हे पाहायला दुसऱ्या दिवशी सकाळीच साध्या कपड्यांत गेलो.

पट्टीत या टोकापासून त्या टोकापर्यंत साडीचा ताणा, म्हणजे विणायचं उभं सूत, ताणून लावलेला. एक वयस्कर आक्का सुताला खळ लावत होत्या.

"आक्का, रोपं कुठं ठेवली?"

त्यांचा हात थांबला नाही. "घरामागं परड्यात हायत. रोज पाणी घालतोय. सासऱ्याच्या काळापास्नं ताणा हितंच लागतोय. झाडं लावताना आमास्नी कुणी इचारलं न्हाय."

"त्यापायी एकाच्या शेळ्या कोंडवाड्यात हायत."

आता हात थांबला. "मला ठावं न्हवतं वो. चला, येतो ठाण्यात." खळ अर्धवट वाळली तर सगळं सूत वाया जाणार होतं, तरी त्यांनी कुंचा खाली ठेवला. मला त्या बाईचा फार आदर वाटला.

"आधी ताणा पुरा करा," मी म्हणालो, आणि प्राध्यापकांना तिथंच बोलावून घेतलं. माणूस सरळ होता. परड्यातली टवटवीत रोपं बघून त्यांनी तक्रार मागं घेतली, कोंडवाड्यात स्वतः जाऊन शेळ्या सोडवल्या. रोपं आक्कांनी दाखवलेल्या जागी पुन्हा लागली.

गुन्हा कुणी केला हे विचारण्याआधी ती जागा रोज कोण वापरतं हे विचारावं, हे मी तिथं शिकलो. पुढं नव्या फौजदारांनाही हेच सांगत आलो.

त्या दिवशी शेळ्या घेऊन जाताना तो शेळीवाला ठाण्याच्या दारात थांबला. "साहेब, पाला गेला तर माझ्याकडं या. खड्डा बुजला तर आक्काकडं जावा."