बबनशेठची गुणपट्टी

बबनशेठ स्क्रीनवर बोट टेकवल्याशिवाय एक वाक्य बोलत नसत. बोटाला पानाचा चुना ठरलेला. मॉनिटरवर पांढरा ठिपका उमटला की मलाच विचारायचे, "बाई, ह्यो डाग कसला हाय?" मी रोज ओल्या फडक्याने तो पुसायची आणि मनात काय म्हणायची ते इथे लिहीत नाही.

शिरवण्यात त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं केबल चॅनल होतं. शेतजमीन नव्या शहरासाठी गेली, बांधलेल्या इमारतीत भाडेकरू आले, आणि बसून कंटाळा आला म्हणून शेठ चॅनलचे मालक झाले. मी नेरूळची, कचेरीतून टायपिस्ट म्हणून रिटायर झालेली. चॅनलमध्ये पडद्यावरच्या पाट्या टाईप करायची. कुणाच्याही कामावर शेठचं मत एकच, "त्यात काय हाय येवढं?" कॅमेरा खांद्यावर घेऊन दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसालाही तेच, आणि ताप अंगात घेऊन बातम्या वाचणाऱ्या मुलीलाही तेच. स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात एकच काम केलं, खुर्चीमागे उभं राहायचं.

दरवर्षी इमारतीसमोरच्या मैदानात भजनी मंडळांची स्पर्धा असायची आणि आम्ही ती लाइव्ह दाखवायचो. परीक्षकांचे कागद बघून मी पडद्यावरच्या गुणांच्या पट्टीवर एकेक आकडा टाईप करायची. पट्टी दिसेपर्यंत पुढचं मंडळ अर्धं गाऊन झालेलं असे. शेवटी मोबाईलवर व्हिडिओ बघत चार दिवस डोकं फोडलं आणि एक्सेलचा तक्ता पट्टी दाखवणाऱ्या ग्राफिक्सच्या प्रोग्रॅमला जोडला. तक्त्यात गुण टाकले की पट्टीवर आपोआप येणार, घरोघरी आणि मैदानातल्या मोठ्या पडद्यावरही. पहिल्यांदा जमलं तेव्हा, खरं सांगते, मी एकटीनेच टाळ्या पिटल्या. शेठनी चुन्याचं बोट टेकवलं आणि म्हणाले, "त्यात काय हाय येवढं?"

मी मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली, "ओळी हलवू नयेत." कुणासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या शेठना नव्हतं.

स्पर्धेच्या संध्याकाळी अकराही मंडळांचे गुण टाकून झाले. खाडीपलीकडच्या गावातल्या बायका अव्वल ठरल्या होत्या. मी कागदांवर परीक्षकांच्या सह्या घ्यायला स्टेजकडे गेले, तेवढ्यात मालक माझ्या खुर्चीत बसले. पहिला नंबर वर नको का दिसायला? त्यांनी गुणांची रांग निवडली आणि मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावून टाकली. फक्त गुणांची. प्रोग्रॅमने विचारलंसुद्धा, की शेजारच्या नावांचं काय करू? प्रश्न वाचतील तर ते बबनशेठ कसले! नावं जागच्या जागी राहिली आणि गुण घरं सोडून गेले.

यादीत पहिलं नाव होतं त्यांच्याच गावच्या मंडळाचं. त्या मंडळाच्या प्रमुख म्हणजे शेठच्या बायको, लीलावहिनी. मोठ्या पडद्यावर वहिनींच्या मंडळासमोर सर्वांत जास्त गुण झळकले. गुलाल उडाला, ताशा सुरू झाला. खाडीपलीकडच्या बायका टाळ पिशवीत भरायला लागल्या.

मी स्टेजवरच होते, सह्यांचे कागद पुढे धरून परीक्षकांना खरे आकडे दाखवले. तेवढ्यात शेठही वरून उतरून आले. लोक ओरडायला लागले होते, की मालकाने बायकोला जिंकवलं. शेठनी माइक घेतला आणि सगळ्या गावासमोर, लाइव्ह, म्हणाले, "आमच्या बाईंच्या हातून टायपिंगची चूक झाली."

बत्तीस वर्षं टायपिंग केलं मी. साहेब लोकांच्या चुका गुपचूप दुरुस्त करत केलं. आणि ह्या माणसाने एका दमात माझं नाव धुळीला मिळवलं!

वहिनींनी कपाळावरचा गुलाल पदराने पुसला. नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे विचारलं, "बाई तर माझ्या डोल्यासमोर हितं सह्या घेत व्हत्या. मंग खुर्चीत कोन बसलं व्हतं?"

माइक चालूच होता. शेठनी पायांकडे बघितलं. "मी."

मी वर गेले, कागद बघून अकरा आकडे पुन्हा टाकले. पट्टी आपोआप बदलली. खाली टाळ वाजायला लागले, ते मला खिडकीतून ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तर माझ्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी, शेठच्या हातची, "या खुर्चीत मालकाने बसू नये." कोपऱ्यावर चुना लागलेला. त्यानंतर सहा वर्षं ते खरंच बसले नाहीत. मागे उभे राहून बोटं मात्र उमटवत राहिले.

गेल्या वर्षी शेठ गेले. चॅनल बंद झालं, त्या खोलीत आता भाडेकरू राहतात. मी दोन्ही चिठ्ठ्या घरी आणल्या. माफी त्यांनी शेवटपर्यंत मागितली नाही. मी मागायला लावली असती, तर काय म्हणाले असते ते तुम्हालाही आता पाठ झालं असेल.