डिस्कवर न उतरलेला फॉर्म

भाऊंचं बोट एंटरवर पडायचं आणि त्याच क्षणी तोंडातून निघायचं, "व्हई गयं! पुढला!" समोरच्याला उठायलाही वेळ मिळायचा नाही.

तळोद्यात आम्ही दोघं वसतिगृहाचे फॉर्म भरून द्यायचो. सर्व्हर भाऊंच्या ताब्यात. सर्व्हर म्हणजे टेबलाखालचं लिनक्सचं जुनं मशीन; भरलेले फॉर्म आधी त्यात साठायचे, मग पुढे जायचे. ते बिचारं शहाणं होतं. फॉर्म डिस्कवर खरोखर उतरला की मगच "झालं" म्हणायचं. तेवढे दोन-चार क्षणही भाऊंना सोसवेनात. त्यांनी ती सेटिंगच बदलली. आता फॉर्म नुसता मेमरीत पोचला तरी मशीन "झालं" म्हणू लागलं. डिस्कवर मात्र दहा-दहा मिनिटांनी एकदम लिहायचं. मधेच वीज गेली तर? मी विचारलं.

"यूपीएस शे ना!"

त्या यूपीएसवर ते चहाचे कप ठेवत. त्याचा दुसरा उपयोग मला कधी दिसला नाही.

शेजारच्या केंद्रात लोक ताटकळायचे, आमच्याकडे भाऊ कॉलर नीट करत बसायचे. गर्दी मलाही हवीच होती, म्हणून मीही गप्प बसलो.

शेवटच्या तारखेला काठी गावाकडच्या डोंगरातली एक मुलगी आली. वसतिगृह मिळालं तरच तिची अकरावी होणार होती. "सर, नक्की झालं ना? जीप निघतेय," तिनं शाळेतल्या मराठीत विचारलं.

"मशीन कधी खोटं बोलस का? जाय, घर जाय."

जीप गेली, पाठोपाठ वीज गेली. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा शेवटचे चार फॉर्म गायब. त्यातले तिघं बाजारातच सापडले, त्यांचे पुन्हा भरले. तिचा फोन लागेना, आणि तिच्या अंगठ्याच्या ठशाशिवाय फॉर्म भरता येईना. भाऊ मोटारसायकलवरून जीपमागे सुटले. वेगाची हौस एकदाची कामी येतेय, असं मी कुत्सितपणे म्हणालोही. ते तिला घेऊन परतले तोवर मुदत संपली होती.

ती रडली नाही. "पण तुम्ही झालं म्हणालात," एवढंच म्हणाली. भाऊ वाकून यूपीएसवरचे कप उचलू लागले. मला त्यांची पहिल्यांदाच कीव आली.

महिनाभरात ते काम सोडून सुरतेला गेले. जाण्याआधी सेटिंग त्यांनी स्वतः पूर्ववत केली.

यंदा ती मुलगी पुन्हा आली, एक वर्ष वाया घालवून. फॉर्म भरला. मशीन "झालं" म्हणालं. ती उठेना.

"बंद करून दाखवा."

मी वाकून प्लग उपटला, पुन्हा लावला. मशीन सावकाश सुरू झालं. पडद्यावर स्वतःचं नाव वाचल्यावरच ती उठली. भाऊ तेव्हा तिथे असायला हवे होते.